४८६ एसएक्सच्या बोर्डावर एफपीयू हवाय: ३८७, ४८७ की थेट डीएक्स?

अपूर्णांक

४८६ एसएक्स-२५ चा बोर्ड आहे. प्रोसेसर १६८ पिनांचा, सॉकेटमध्ये बसवलेला, सोल्डर केलेला नाही. शेजारी आणखी एक सॉकेट रिकामं आहे आणि त्याला एक भोक जास्त दिसतं. त्यावर ऑटोकॅड १२ ची डॉस आवृत्ती चालवायची आहे, पण कोप्रोसेसर, म्हणजे अपूर्णांकांचं गणित करणारा भाग (एफपीयू), नाही म्हणून ती सुरूच होत नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१) ३८६ सोबतचा ३८७ कोप्रोसेसर सहज मिळतो. तो या बोर्डावर कुठल्या मार्गाने बसतो का?
२) एसएक्स काढून त्याच जागी डीएक्स, म्हणजे एफपीयू आतच असलेला ४८६, घातला तर पुरे का?
३) एफपीयूचं काम प्रोग्रॅमने करणाऱ्या सॉफ्टवेअर एम्युलेटरने भागेल का?

सोबत एक जुनी शंकाही: एसएक्स म्हणजे चाचणीत नापास झालेले डीएक्स, हे खरं का?

जुना_सॉकेट

पहिल्याचं उत्तर सरळ 'नाही', आणि का नाही हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

३८६ ला कोप्रोसेसरशी बोलायला स्वतंत्र पिना होत्या: कोप्रोसेसर कामात आहे का, त्याला डेटा हवाय का, चूक झाली का, हे सांगणाऱ्या. एप्रिल १९८९ मध्ये ४८६ डीएक्स आला तेव्हा एफपीयू त्याच चिपवर गेला. सुमारे १२ लाख ट्रान्झिस्टर, ८ केबी कॅश आणि गणिताचा भाग, सगळं एका सिलिकॉनवर. त्यामुळे ३८७ शी बोलणाऱ्या त्या पिना ४८६ मधून काढूनच टाकल्या. १९९१ च्या एप्रिलमध्ये एसएक्स आला तो याच घराण्यातला. त्याच्यात एफपीयू नाही आणि बाहेरचा एफपीयू जोडायची वाटही नाही.

म्हणून इंटेलने '४८७ एसएक्स' या नावाने कोप्रोसेसर विकला तेव्हा आत अख्खा ४८६ डीएक्स घालावा लागला. तो शेजारच्या सॉकेटमध्ये बसला की एका वेगळ्या पिनवरून बोर्डाला आपण आल्याचं कळवतो, बोर्ड जुन्या एसएक्सला बसवरून, म्हणजे डेटा नेणाऱ्या सामाईक तारांवरून, बाजूला करतो, आणि पुढे पूर्णांक असोत की अपूर्णांक, सगळं काम ४८७ करतो. एसएक्स नुसता बसून राहतो.

तुम्हाला दिसलेलं जास्तीचं भोक म्हणजे १६९ वी पिन. 'त्या पिनमुळे एसएक्स बंद होतो' असं जागोजागी लिहिलेलं सापडेल, पण ते चूक आहे. ती पिन चिप उलटी बसू नये एवढ्यासाठीच आहे. एसएक्सला थांबवणारा सिग्नल दुसऱ्याच पिनवर आहे.

सोल्डरवाला

आणखी एक घोळ इथेच मिटवू, कारण जुना बोर्ड विकत घेताना लोक यात हमखास फसतात. ३८६ च्या 'एसएक्स'चा आणि ४८६ च्या 'एसएक्स'चा अर्थ एक नाही.

३८६ एसएक्समध्ये डेटा बस १६ बिटांची आणि पत्त्याच्या तारा २४, म्हणजे मेमरी जास्तीत जास्त १६ एमबी. एफपीयू ना ३८६ एसएक्समध्ये, ना ३८६ डीएक्समध्ये. दोघांनाही बाहेरून लावावा लागतो, आणि ३८६ एसएक्सला ३८७ एसएक्सच लागतो. ४८६ एसएक्समध्ये मात्र बस पूर्ण ३२ बिटांची आणि कॅश ८ केबीचीच. काढलंय ते फक्त गणित. त्यामुळे पूर्णांकांच्या कामात एसएक्स-२५ आणि डीएक्स-२५ यांच्यात फरक नाही. वर्ड प्रोसेसर, डेटाबेस, कंपायलर, सगळं त्याच वेगाने चालतं. हे ठामपणे सांगतोय, कारण एसएक्सला उगाच दुबळा ठरवला जातो.

गणकयंत्र

'नापास डीएक्स'बद्दल.

सुरुवातीच्या एसएक्सच्या सिलिकॉनवर एफपीयू होता आणि तो बंद केलेला होता, एवढं खरं. पण बंद केलेला असणं आणि बिघडलेला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादी चिप खपायला लागली की तिचा पुरवठा चाचणीत नापास होणाऱ्या मालावर ठेवता येत नाही. उत्पादन सुधारत जातं तसा नापास माल कमी होतो, आणि मागणी मात्र वाढत असते. नंतर इंटेलने एसएक्ससाठी वेगळा मास्कच, म्हणजे चिप छापायचा साचाच, केला. त्यात एफपीयू मुळातच नव्हता आणि ट्रान्झिस्टर ९ लाखांच्या आसपास उरले. चिप लहान म्हणजे एका वेफरवर नग जास्त, म्हणजे खरोखरची बचत.

खरं कारण किमतीच्या पायऱ्यांचं होतं. त्याच वर्षी एएमडीने ४० मेगाहर्ट्झचा एएम३८६ डीएक्स बाजारात आणला होता आणि तो स्वस्त होता. त्याच्यासमोर ४८६ नावाचं काहीतरी कमी किमतीत उभं करणं इंटेलला भाग होतं. म्हणून पहिले एसएक्स १६ आणि २० मेगाहर्ट्झचे, म्हणजे डीएक्सच्या २५ च्या खाली ठेवलेले.

माझं मत: पहिल्या पिढीत काम करणारा भाग बंद करून विकणं आणि पुढे तोच भाग ४८७ म्हणून वेगळा विकणं हे गिऱ्हाइकाशी नीट वागणं नव्हतं. दुसऱ्या मास्कच्या एसएक्सबद्दल मात्र माझी काहीच तक्रार नाही. तो प्रामाणिक स्वस्त प्रोसेसर आहे.

सोल्डरवाला

आता दुसरा प्रश्न, म्हणजे डीएक्स घालण्याचा. होतं, पण नुसती चिप बदलून नाही. क्रम असा ठेवा.

आधी बोर्डाचा जम्पर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) तक्ता शोधा. पुष्कळ बोर्डांवर तो छापलेलाच असतो: 'एसएक्स', 'डीएक्स', '४८७' असे रकाने आणि त्यांच्यासमोर जम्परचे आकडे. हे जम्पर नुसती माहिती देण्यासाठी नाहीत, ते तारा बदलतात. एसएक्सवर एनएमआय, म्हणजे प्रोसेसरला टाळता न येणारा तातडीचा इंटरप्ट, ज्या पिनवर येतो तिथे डीएक्सवर 'इग्नी' आहे, म्हणजे गणिताच्या चुकांकडे दुर्लक्ष कर असं सांगणारी पिन. डीएक्सचा एनएमआय दुसऱ्या पिनवर आहे. शिवाय गणितात चूक झाली हे बोर्डाला कळवणारी 'फेर' ही पिन एसएक्सला नाहीच.

जम्पर एसएक्सवरच राहिले आणि डीएक्स घातला तर मशीन बहुतेक वेळा सुरू होतं, आणि खरा धोका तोच. सगळं ठीक दिसतं. पण मेमरीत पॅरिटीची चूक झाली की एनएमआय प्रोसेसरपर्यंत पोचत नाही, आणि शून्याने भागलं की डॉसच्या प्रोग्रॅमला अपेक्षित असलेला आयआरक्यू १३, म्हणजे गणितातली चूक कळवणारा इंटरप्ट, येत नाही. प्रोग्रॅम चुकीचा आकडा घेऊन शांतपणे पुढे जातो. आराखड्याच्या कामात असली चूक परवडणारी नाही.

दुसरं व्होल्टेज. तुमचा बोर्ड ५ व्होल्टचा असणार. डीएक्स आणि डीएक्स२ हे ५ व्होल्टचे चालतील. साधा डीएक्स४ ३.३ व्होल्टचा आहे, तो ५ वर घातला तर जळेल. डीएक्स४ ओव्हरड्राइव्हवर (इंटेलचा अपग्रेडसाठीचा प्रोसेसर) स्वतःचा रेग्युलेटर असतो, तो चालतो.

तिसरा क्लॉक. बोर्ड २५ वर आहे तर डीएक्स२-५० उत्तम, कारण तो आत दुप्पट करतो आणि बाहेर २५ च राहतो. डीएक्स-३३ घालायचा तर क्लॉकचा जम्पर किंवा ऑसिलेटर बदलावा लागेल, आणि मग मेमरीचा वेग, व्हीएल-बसचं कार्ड असल्यास तेही, सगळंच पुन्हा तपासावं लागतं.

तुमच्या रिकाम्या १६९ भोकांच्या सॉकेटसाठी सगळ्यात सरळ गोष्ट म्हणजे १६९ पिनांचा ओव्हरड्राइव्ह. त्यावर 'ओडीपी' लिहिलेलं असतं. 'ओडीपीआर' लिहिलेला १६८ पिनांचा असतो आणि तो मूळ प्रोसेसर काढून त्याच्या जागी बसवायचा असतो. एका 'आर'चा फरक आहे, विकत घेताना चिपचा फोटो मागून वाचा.

बसवताना: त्या काळच्या बऱ्याच सॉकेटांना खटका नसतो, चिप दाबूनच बसवावी लागते. बोर्ड केसमधून काढून सपाट जागी ठेवा, खाली जाड फोम घ्या, नाहीतर दाबताना बोर्ड वाकतो आणि ट्रॅक तुटतात. चिपचा कापलेला कोपरा आणि सॉकेटवरची खूण जुळवा. काढताना पातळ पट्टी चारही बाजूंनी आळीपाळीने, दर वेळी केसभर उचला. एकाच बाजूने उचललात तर पलीकडच्या पिना वाकल्याच म्हणून समजा. डीएक्स२ ला हीटसिंक लावा.

कोकणचा_कंपायलर

तिसरा प्रश्न, एम्युलेटर. यात दोन अगदी वेगळ्या पद्धती आहेत आणि लोक त्या एकत्र करतात.

पहिली, प्रोग्रॅमच्या आतली. टर्बो सी, मायक्रोसॉफ्ट सी वगैरेंनी केलेली. ही इतकी नीट रचलेली आहे की बाइटपर्यंत उतरून बघायला हवी. समजा कंपायलरने मेमरीतला आकडा उचलायची सूचना काढली: ९बी डी९ ०६ आणि पुढे पत्ता. ९बी म्हणजे थांब, डी९ ही एफपीयूची सूचना. एम्युलेटरसह लिंक करताना लिंकर पहिल्या दोन बाइटांच्या शब्दात हेक्स ५सी३२ मिळवतो. मेमरीत खालचा बाइट आधी, म्हणून शब्द आहे डी९९बी. त्यात ५सी३२ मिळवले की हातचा सोडून ३५सीडी येतात. मेमरीत ते झाले सीडी ३५, म्हणजे इंटरप्ट ३५. डी८ ते डीएफ या आठ सूचनांचे असेच इंटरप्ट ३४ ते ३बी होतात. आकारात एकही बाइट कमी-जास्त होत नाही.

प्रोग्रॅम चालताना एफपीयू नसेल तर तो इंटरप्ट एम्युलेटरकडे जातो आणि पूर्णांकांनी हिशोब होतो. एफपीयू असेल तर इंटरप्टचा हँडलर परतीचा पत्ता दोन बाइट मागे घेतो, सीडी ३५ च्या जागी पुन्हा ९बी डी९ लिहितो आणि तीच सूचना पुन्हा चालवतो. म्हणजे प्रत्येक ठिकाणी फक्त पहिल्यांदा उशीर होतो, नंतर थेट हार्डवेअर. टर्बो सीच्या प्रोग्रॅममध्ये एफपीयू असूनही एम्युलेटर तपासायचा असेल तर डॉसवर 'सेट ८७=एन' द्या. हे तंत्र कोड रॉममध्ये असेल तर चालत नाही, कारण तिथे स्वतःवर लिहिता येत नाही. विंडोज ३.१ मध्ये हेच काम 'विन८७ईएम' नावाची डीएलएल करते.

दुसरी पद्धत बाहेरची. सीआर० रजिस्टरमधला ईएम बिट, म्हणजे बिट २, चालू केला की कुठलीही एफपीयू सूचना आली की प्रोसेसर अपवाद ७ उठवतो, म्हणजे काम थांबवून ठरलेल्या हँडलरकडे जातो. ईएम८७, क्यू३८७ यांसारखे डॉसचे एम्युलेटर तो पकडतात. लिनक्समध्येही हेच: कर्नल बांधताना 'मॅथ एम्युलेशन' चालू ठेवायचं. हा पर्याय विसरलात तर एसएक्सवर कर्नल नीट उठणार नाही. एफपीयू असलेल्या मशीनवर ही वाट तपासायला बूटच्या ओळीत 'नो३८७' द्यायचं.

ऑटोकॅड १२ कोप्रोसेसर आहे हे धरूनच लिहिलेलं आहे, त्यामुळे त्याला पहिली पद्धत उपयोगाची नाही. दुसरी करून बघता येते, पण ईएमएम३८६ हा डॉसचा मेमरी मॅनेजर चालू असेल तर प्रोसेसर व्ही८६ या मर्यादित अधिकारांच्या अवस्थेत असतो आणि तिथून सीआर० वर सरळ लिहिता येत नाही. चाचणी करताना कॉन्फिग.सिसमधून ती ओळ काढा.

वेगाची अपेक्षा आधीच ठरवा. डीएक्सवर बेरीज साधारण ८ ते २० क्लॉक, गुणाकार १६, भागाकार ७३. एम्युलेटरमध्ये अपवाद उठवणं, सूचनेची फोड करणं, ८० बिटांचा आकडा उलगडणं, हिशोब, पुन्हा बांधणं, परत येणं, म्हणजे एका सूचनेला शेकडो क्लॉक. रेषा झूम करताना पडदा पुन्हा रेखाटला जाताना बघत बसावं लागेल. उघडून बघायला ठीक, रोजच्या कामाला नाही.

अपूर्णांक

फारच उपयोगी. ओडीपी शोधतो. बसवल्यावर एफपीयू खरोखर दिसतोय हे बायोसच्या पडद्यावर न विसंबता कसं तपासायचं? छोटा प्रोग्रॅम लिहायची तयारी आहे.

कोकणचा_कंपायलर

नेहमीची रीत: मेमरीतल्या एका शब्दात हेक्स ५ए५ए भरा. 'एफएनइनिट' चालवा, मग 'एफएनएसटीएसडब्ल्यू'ने स्टेटस त्याच शब्दात लिहा. एफपीयू असेल तर खालचा बाइट शून्य होतो, नसेल तर ५ए तसाच राहतो. मग खात्रीसाठी कंट्रोल शब्द वाचा, त्याचा १०३एफ शी अँड करा, उत्तर ००३एफ यायला हवं.

दोन्ही सूचनांमधला 'एन' महत्त्वाचा आहे. साध्या 'एफइनिट'च्या आधी असेंब्लर थांबण्याची सूचना, ९बी, घालतो. ८०८६ च्या मशीनवर कोप्रोसेसर नसेल तर ती सूचना कधीच न येणाऱ्या उत्तराची वाट बघत राहते आणि मशीन अडकतं. आणि हा प्रोग्रॅम बाहेरचा एम्युलेटर चालू ठेवून तपासू नका. एम्युलेटरही शून्यच लिहून देईल.

लिनक्स असेल तर प्रॉक मधल्या सीपीयूइन्फोत 'एफपीयू' ओळीसमोर हो की नाही ते दिसतं.

रेवती_एम्बेडेड

हा धागा फक्त जुन्या बोर्डांचा राहू नये म्हणून लिहितेय. एफपीयूशिवायचे स्वस्त प्रोसेसर आज पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहेत, फक्त ते मायक्रोकंट्रोलर म्हणून विकले जातात. कॉर्टेक्स-एम०, एम०+, एम३ यांत एफपीयू नाही. 'ब्लू पिल' बोर्डावरचा एसटीएम३२एफ१०३ हा ७२ मेगाहर्ट्झचा एम३. रास्पबेरी पाय पिकोचा आरपी२०४० दोन एम०+ चा, पण त्याच्या बूटरॉममध्ये अपूर्णांकांची वेगवान फंक्शन्स दिली आहेत. ईएसपी३२-सी३ मध्येही एफपीयू नाही, मूळ ईएसपी३२ मध्ये आहे. सी-डॅकच्या वेगा मालिकेतला तेजस३२, जो एरीज बोर्डांवर येतो, तो आरव्ही३२आयएम आहे: १०० मेगाहर्ट्झ, २५६ केबी एसरॅम, गुणाकार-भागाकाराचं हार्डवेअर आहे, एफपीयू नाही.

इथे अपवाद ७ वगैरे नाही. कंपायलरच प्रत्येक बेरीज-गुणाकाराच्या जागी लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो. चूक दिसत नाही, फक्त फ्लॅश आणि वेळ जातो. म्हणून सवय लावा: बिल्ड झाला की मॅप फाइल, म्हणजे प्रोग्रॅममध्ये आलेल्या फंक्शन्सची यादी, उघडायची. एआरएमवर नावात 'एईएबीआय' आणि पुढे 'एफएमयूएल', 'एफएडीडी' दिसलं तर ३२ बिटांचे अपूर्णांक सॉफ्टवेअरने चाललेत. 'डीएमयूएल', 'डीएडीडी' दिसलं तर ६४ बिटांचे, म्हणजे आणखी महाग.

ही दुसरी नावं एफपीयू असलेल्या एम४ वरही सापडतात. त्याचा एफपीयू फक्त ३२ बिटांचा आहे. सी भाषेत नुसतं ०.१ लिहिलं की तो डबल धरला जातो, फ्लोटला त्याने गुणलं की अख्खी ओळ डबलमध्ये जाते आणि विकत घेतलेला एफपीयू रिकामा बसतो. आकड्यामागे 'एफ' लावा, साइनऐवजी 'साइनएफ' वापरा, आणि कंपायलरची 'डबल प्रमोशन'ची चेतावणी कायम चालू ठेवा.

एम४ वर एफपीयू आधी उघडावाही लागतो: सीपीएसीआर रजिस्टरमधले बिट २० ते २३ चालू करून मग बॅरिअर सूचना. हे राहिलं तर पहिल्याच फ्लोट ओळीवर हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच अडकतो. आणि आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) वापरत असाल तर प्रत्येक टास्कचा स्टॅक वाढवा. इंटरप्टच्या वेळी जतन होणारी चौकट साध्या ३२ बाइटांवरून १०४ बाइटांची होते.

अपूर्णांक

एफपीयू नसलेल्यावर तापमान मोजायचं तर मग अपूर्णांक वापरायचेच नाहीत का?

रेवती_एम्बेडेड

सेकंदाला एकदा मोजत असाल तर खुशाल वापरा. काही हजार क्लॉक गेल्याने काही बिघडत नाही. सेकंदाला दहा हजार वेळा चालणाऱ्या मोटर कंट्रोलच्या इंटरप्टमध्ये नको.

तिथे १६.१६ वापरा: वरचे १६ बिट पूर्णांक, खालचे १६ अपूर्णांक. २७.३५ अंश सेल्सिअसला ६५,५३६ ने गुणून १७,९२,४१० ठेवायचे. फॅरनहाइटसाठी १.८ हवेत, ते १,१७,९६५. दोन्हींचा गुणाकार २१ हजार १४४ कोटींच्या वर जातो, आणि ३२ बिटांच्या चिन्हासह मर्यादा २१४ कोटींची. म्हणून गुणण्यापूर्वीच एक आकडा ६४ बिटांत न्यायचा, गुणायचं, मग १६ बिट उजवीकडे सरकवायचं. ३२,२६,३४३ येतात, म्हणजे ४९.२३०१. गुणाकाराचं खरं उत्तर ४९.२३. फॅरनहाइटसाठी त्यात अजून ३२ मिळवायचे. गुणाकार झाल्यावर ६४ बिटांत नेलंत तर उशीर झालेला असतो, वरचे बिट आधीच गेलेले असतात. नव्या लोकांची सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच.

थर्मिस्टर असेल तर लॉगरिदम नको. १२ बिटांच्या एडीसीचे (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचे) ४०९६ टप्पे १२८ च्या ३२ भागांत तोडा, ३३ आकड्यांचा तक्ता फ्लॅशमध्ये ठेवा. वाचलेला आकडा ७ बिट सरकवला की तक्त्यातली जागा मिळते, आणि उरलेले खालचे ७ बिट दोन शेजारच्या आकड्यांच्या मध्ये आपण कुठे आहोत ते सांगतात. एक वजाबाकी, एक गुणाकार, एक सरकवणं, एक बेरीज. तक्ता लॅपटॉपवर डबलमध्ये काढायचा, तिथे एफपीयूची कमी नाही.

जुना_सॉकेट

रेवतीताईंनी सांगितलेलं १६.१६ जुन्या मशीनवरही हेच होतं. १९९३ चा डूम एसएक्सवर चालायचा तो याच बळावर. त्याच्या कोडमध्ये अपूर्णांकाचे १६ बिट हा स्थिरांक आजही दिसतो. १९९६ च्या क्वेकला मात्र एफपीयू लागतोच.

आणखी एक इशारा, मोटोरोलावाल्यांसाठी. ६८०४० चा बिनएफपीयूचा भाऊ ६८एलसी०४० ॲपलच्या सेंट्रिस ६१० आणि क्वाड्रा ६०५ मध्ये होता. त्याच्या सुरुवातीच्या चिपांमध्ये दोष आहे: एफपीयूची सूचना पकडून अपवाद उठताना रांगेतलं एखादं लिखाण हरवू शकतं. म्हणजे एम्युलेटर कितीही अचूक लिहिला तरी लिनक्स किंवा नेटबीएसडीवर प्रोग्रॅम मधेच कोसळतात. त्याला सॉफ्टवेअरचा खात्रीचा उपाय नाही, पूर्ण ६८०४० घालावा लागतो. सुदैवाने तो त्याच सॉकेटमध्ये बसतो.

अपूर्णांक

१६९ पिनांचा ओडीपी, डीएक्स२-५० प्रकारातला, ठरवला. एसएक्स जागेवरच ठेवू ना?

सोल्डरवाला

आधी तुमच्या बोर्डाचा तक्ता बघा. '४८७/ओडीपी' असा रकाना असेल तर तो सांगेल तसे जम्पर लावा आणि एसएक्स जागेवर राहू द्या, कारण त्या बोर्डाने त्याला थांबवायची सोय केलेली आहे. पहिल्यांदा चालू करताना कार्डं काढून फक्त डिस्प्ले आणि मेमरी ठेवा. पडदा आला, एफएनइनिटची चाचणी पास झाली, की कंट्रोल शब्दात शून्याने भागण्याचा अपवाद चालू करून एकदा मुद्दाम अपूर्णांकाला शून्याने भागून बघा. चूक झाल्याचा संदेश आला तर आयआरक्यू १३ ची तार जागेवर आहे. काहीच न होता प्रोग्रॅम पुढे गेला तर जम्पर पुन्हा तपासा, ऑटोकॅड त्यानंतरच उघडा.